सिद्राम बिराजदार यांचे खाते

"पाध्ये सर, सिद्राम बिराजदार नावाचा माणूस खरोखर आहे का?"

डॉ. भार्गवी कुंभोजकर यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा सुबोध पाध्ये एसीच्या गळतीखाली ठेवलेली बादली रिकामी करून नुकतेच सर्व्हरच्या खोलीत परतत होते. बादली त्यांच्या हातातच राहिली.

"आहे की, मॅडम. मंगळवेढ्याच्या उपकेंद्राचे निरीक्षक. वीस वर्षं झाली त्यांना."

"मग ते रोज सकाळी मंगळवेढ्याहून निघतात, सोलापुरात येतात आणि तुमच्या खुर्चीत बसून नोंद करतात, असं समजू का?"

त्यांच्या हातात छापील कागदांचा गठ्ठा होता आणि त्यातल्या ओळीमागून ओळी पिवळ्या शाईने रंगवलेल्या होत्या.

"प्रत्येक नोंदीपुढं तीन गोष्टी आपोआप उमटतात. खातं कोणाचं, वेळ कोणती, मशीन कोणतं. मोहोळची नोंद मोहोळहून होते, केमची केमहून. मंगळवेढ्याची मात्र अकरा वर्षांतली एकूण एक नोंद या खोलीतल्या मशीनवरून झालीय. आणि गंमत सांगू? तुम्ही रजेवर असता त्या दिवशी मंगळवेढ्यात हवामानच नसतं. तुम्ही हजर झालात की दोन दिवसांचं एकदम येतं."

पाध्यांनी बादली जागेवर ठेवली. ती नीट गळतीखाली आली नव्हती, म्हणून पायाने सरकवली. मग पुन्हा सरकवली.

"शुक्रवारी माझा अहवाल जायचाय," भार्गवीबाई म्हणाल्या. "ज्या खात्याचा धनी कोण हे सांगता येत नाही, त्या खात्यावरच्या नोंदी मी हवामानाच्या मालिकेतून बाहेर काढणार आहे. अकराच्या अकरा वर्षं. तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्याच्या आत सांगा. आज सोमवार आहे."

त्या निघून गेल्या. नोंदींच्या तपासणीसाठी पुण्याहून येऊन त्यांना चार महिनेच झाले होते, आणि वयाने त्या पाध्यांच्या मुलीएवढ्या होत्या. पण प्रश्न कोठे लावावा हे त्यांना अचूक कळत असे.

भूमिवेध न्यास ही कोरडवाहू शेतीचा अभ्यास करणारी खाजगी संस्था. पंधरा उपकेंद्रांवर पंधरा निरीक्षक रोज सकाळी साडेआठला पाऊस आणि तापमान मोजत. ते आकडे सोलापूरच्या सर्व्हरवर साठत आणि त्यांच्या आधारे ज्वारीची पेरणी कोणत्या पंधरवड्यात करावी याची शिफारस दरसाल गावोगाव जाई. या सर्व्हरचे राखणदार म्हणजे सुबोध पाध्ये. आत कोणी यावे, कोणी नुसते पाहावे, कोणी लिहावे आणि कोणी लिहिलेले दुरुस्त करावे, हे ठरवून देणे आणि ठरवल्याप्रमाणे चालते की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहणे, एवढेच त्यांचे काम. आणि ते त्यांनी देवपूजेच्या काटेकोरपणाने केले होते. नवा मनुष्य रुजू झाला की पाध्ये त्याला समोर बसवून सांगत, "पासवर्ड म्हणजे सही. सही कोणी उसनी देत नाही." न्यासाच्या एका विश्वस्तांनी आपला पासवर्ड कारकुनाला दिल्याचे कळताच त्यांनी खुद्द विश्वस्तांचे खाते तीन दिवस बंद ठेवले होते. ती कथा न्यासात अजून सांगितली जाई आणि सांगताना लोक पाध्यांच्या दिशेने थोडे भीतीने आणि थोडे गमतीने पाहत.

अशा मनुष्याच्या हातून हे घडले होते.

घडले ते इतक्या साधेपणाने, की त्याला अपराध म्हणावे असे त्या दिवशी कोणालाही वाटले नसते. अकरा वर्षांपूर्वी कागदी नोंदवह्या बंद झाल्या आणि प्रत्येक निरीक्षकाला स्वतःचे खाते मिळाले. पासवर्ड बारा अक्षरांचा. त्यात लहान लिपी, मोठी लिपी, आकडा आणि एखादे चिन्ह हवे. दर नव्वद दिवसांनी तो बदलायचा. तीनदा चुकला की खाते बंद. हे सगळे नियम पाध्यांचेच. मंगळवेढ्याच्या सिद्राम बिराजदारांचे खाते पहिल्या दोन महिन्यांत एकोणीस वेळा बंद पडले. रोज सकाळी पावणेनऊला फोन येई, पाध्ये खाते उघडून देत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विसाव्या वेळी पाध्ये वैतागून म्हणाले, "अण्णा, आजच्या दिवस तुम्ही नुसता आकडा सांगा, मी टाकतो." त्यांनी सिद्रामण्णांच्या नावाने स्वतःच एक पासवर्ड ठेवला, आत शिरले आणि आकडा टाकला. आजचा दिवस उद्यावर गेला, उद्याचा परवावर. सोयीचा हाच मोठा दुर्गुण, की ती येताना पाहुणी म्हणून येते आणि राहते मात्र घरची म्हणून.

मंगळवारी पावणेनऊला फोन वाजला.

"नमस्कार सायेब. सिद्राम, मंगळवेढा."

"बोला अण्णा."

"पाऊस शून्य. वरचं तेहेतीस पॉइंट चार. खालचं बावीस पॉइंट आट."

"पाऊस शून्य. तेहेतीस पॉइंट चार. बावीस पॉइंट आठ."

"बराबर. सायेब, आवाज का असा? सर्दी झाली व्हय?"

"नाही, अण्णा. काही नाही."

"सुंट घ्या की, गुळासंगं. ठेवतो."

पाध्यांनी आकडे टाकले नाहीत. सिद्राम बिराजदार या नावाने आत शिरण्याची खूण टंकायला बोटे सवयीने पुढे झाली होती, ती त्यांनी मागे घेतली. खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या घातल्या. मग ते पुन्हा बसले आणि स्वतःच्या, म्हणजे अॅडमिनच्या, खात्याने आत गेले.

अॅडमिनला काय अशक्य आहे? नोंदीच्या शेवटच्या रकान्यात मशीनचे नाव होते, आणि तो रकाना बदलण्याचा अधिकार साऱ्या न्यासात एकट्या पाध्यांना होता. एक ओळीची आज्ञा दिली असती तर अकरा वर्षांच्या चार हजारांवर नोंदींपुढे मंगळवेढ्याचे मशीन उमटले असते. भार्गवीबाईंच्या हातातला कागद तेवढा उरला असता, आणि कागद चुकीचा छापला असे म्हणता आले असते. आकडे खरे होते. माणूस खरा होता. खोटा झाला असता तो एक रकाना, आणि तोही दुसऱ्या अर्थाने अगदी खरा, कारण आकडे आले होते मंगळवेढ्याहूनच. पाध्यांनी आज्ञा लिहिली. चौकोनात उभी रेघ लुकलुकत राहिली.

त्यांचा स्वभाव वाद घालण्याचा होता आणि समोर कोणी नसले तर ते स्वतःशी घालत. खरा आकडा वाचवण्यासाठी जो खोटे मशीन लिहितो, त्याने खरा आकडा वाचवला असे म्हणताच येत नाही. उद्या कोणी विचारील, मशीन बदलले तसा पाऊसही बदलला नसेल कशावरून? त्या प्रश्नाला जगात कोणाजवळ उत्तर उरणार नाही. स्वतःजवळही नाही.

त्यांनी लिहिलेली आज्ञा एकेक अक्षर करून पुसली.

संध्याकाळी घरी इंद्रायणीबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी माणसाकडे चष्म्यावरून पाहण्याची त्यांची सवय गेली नव्हती.

"अहो, तिसऱ्यांदा गॅस बघून आलात. तो काही पळून जात नाही. काय झालंय?"

पाध्यांनी सांगितले. सांगताना ते उभेच होते. सगळे ऐकून घेतल्यावर इंद्रायणीबाईंना एकदम हसू फुटले.

"हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"माझ्या मोबाइलचा पासवर्ड तुमची जन्मतारीख ठेवला म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. आठवतं? आणि तुम्ही अकरा वर्षं दुसऱ्याच्या नावानं सही ठोकताय!"

"सही त्यांच्याच आकड्याखाली केली मी."

"ते मला नका सांगू. त्या बाईंना सांगा."

"सांगून काय उपयोग? पुरावा हवा. सिद्रामण्णांच्या हातचं काहीतरी लिहिलेलं हवं."

"मग फोन करून विचारा त्यांना."

"फोनवर नको," पाध्ये म्हणाले. "जे झालं ते सगळं फोनवरच झालंय."

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि सकाळची एसटी धरली. कामती, बेगमपूर, भीमेचा पूल. पुढे दोन्ही अंगांना काळी रानं कुळवून उघडी पडली होती, पेरणीला अजून दोन महिने होते. पाध्यांच्या मांडीवर दिवाळीपासूनच्या मंगळवेढ्याच्या नोंदींची छापील प्रत होती. त्याआधीची दहा वर्षे पिशवीत, सुतळीने बांधून.

उपकेंद्र गावाबाहेर ओढ्याच्या वर होते. तारेच्या कुंपणात पावसाचे भांडे, तापमापकांची पांढरी पेटी, एक कोठीघर आणि त्याला लागून निरीक्षकाच्या दोन खोल्या. सिद्रामण्णा फाटकातच उभे होते. धोतर, बंडी आणि पासष्टीतही ताठ मान.

"या सायेब! रजा टाकून आलाव म्हना की. मंजे आजचा आकडा उद्याच."

पाध्यांना हसता आले नाही. रजेची ही मेख सिद्रामण्णांनाही ठाऊक होती तर.

सिद्रामण्णांच्या पत्नी मायाक्कांनी न विचारता चहा आणला आणि चहाबरोबर कडक भाकरी नि शेंगांची चटणी. पाध्यांनी बशी हातात धरून सगळे सांगितले. कोणतीही गोष्ट सौम्य केली नाही. सिद्रामण्णांनी मधेच तोडले नाही. शेवटी त्यांनी एकच विचारले.

"आकडं भाईर काडनार. मंजे त्या अकरा वर्सांत हितं पाऊस पडलाच न्हाय, असं व्हनार का?"

"पडला असेल, पण किती ते माहीत नाही, असं होणार."

"मला म्हाईत हाय की."

"तेच दाखवायचंय, अण्णा. कागदावर काही आहे का? वही, डायरी, काहीही?"

"कागुद कुटला? तुमचंच पत्रक आलं व्हतं. यापुडं कागदी नोंदी ठेवू नयेत. तेवडं वाचाय येतंय मला."

ते पत्रक पाध्यांनी लिहिले होते. 'ठेवू नयेत' हा शब्दप्रयोग 'ठेवण्याची आवश्यकता नाही' याच्या जागी त्यांनी मुद्दाम योजला होता, पळवाट राहू नये म्हणून.

"मग फोन लागेपर्यंत आकडा ध्यानात ठेवता?"

"ध्यानात कशाला? भिताडावर लिवतो."

कोठीघराच्या आतली भिंत दारापासून कोपऱ्यापर्यंत कोळशाच्या आकड्यांनी भरलेली होती. तारीख, पाऊस, वरचे तापमान, खालचे तापमान. महिन्यामहिन्याचे उभे पट्टे. अक्षर मोठे, सरळ, एकाखाली एक बसवलेले. दिवाळीपासून आजपर्यंत एकही दिवस गळलेला नव्हता. पाध्यांनी मोबाइलवर भिंतीची छायाचित्रे घेतली.

"आणि मागच्या वर्षीचं? त्याच्या आधीचं?"

"चुन्याखाली."

"म्हणजे?"

"दिवाळीच्या आदी चुना मारावा लागतोय की, सायेब. न्यासाची मानसं येत्यात, फटू काडत्यात. घान भिताड कसं चालंल?"

मायाक्का दारातून म्हणाल्या, "म्या दरसाल म्हनते, एवडं लिवल्यालं पुसताव कशाला. तर म्हन्त्यात, सायबाकडं गेलंय सगळं, पक्क्या जागी."

पाध्यांनी विचारले, "अण्णा, एक सांगा. पासवर्ड तुम्हाला शिकता आला असता. हे अक्षर लिहिणाऱ्याला त्यात काय अवघड होतं? का नाही शिकलात?"

सिद्रामण्णा कोळशाचा तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"पयल्यांदा न्हाय जमलं, खरं हाय. मागनं जमलं असतं. पर तुमी परत म्हनून दाखवायचा. म्या सांगायचं, तुमी म्हनायचं, म्या बराबर म्हनायचं. मशीन कुटं परत म्हनतंय? त्यात काय बी टाका, गप गिळतंय. दोन मानसांनी म्हनल्याला आकडा पक्का, असं माज्या आदीचं निरीक्षक सांगायचं."

पाध्यांना हा युक्तिवाद आवडला. नुसता आवडला नाही, तर त्यांनी तो मनातल्या मनात निवेदनाच्या दुसऱ्या पानावर बसवूनही टाकला. एकाने सांगणे आणि दुसऱ्याने उच्चारून पडताळणे, ही पद्धत एकट्या निरीक्षकाच्या टंकण्यापेक्षा अधिक भरवशाची होती, असे आता मांडता येणार होते. ते लगबगीने कामाला लागले. सिद्रामण्णा भिंतीवरून वाचत आणि पाध्ये छापील प्रतीवर खूण करत. नोव्हेंबर जुळला. डिसेंबर, जानेवारी जुळले. मार्च, एप्रिल जुळले. पाध्यांचा आवाज चढत गेला, खुणा भराभर पडू लागल्या.

"तीन मे. पाऊस चौदा पॉइंट दोन," सिद्रामण्णा म्हणाले.

पाध्यांचे बोट थांबले. प्रतीत एक्केचाळीस पॉइंट दोन होते.

"पुन्हा सांगा."

"चौदा पॉइंट दोन. वळवाचा. का?"

"एक्केचाळीस नव्हता?"

"एक्केचाळीस पडला असता तर ह्यो वडा बोलला असता की. मायाक्का, त्या दिशी वड्याला पानी आलतं का गं?"

"चिकूल बी न्हवता," मायाक्का आतून म्हणाल्या.

"आनि तुमीच परत म्हनला की, सायेब. चौदा पॉइंट दोन. म्या बराबर म्हनलो. ध्यानात हाय माज्या."

पाध्यांच्याही ध्यानात होते, निदान तसे आता वाटत होते. चौदा त्यांनी ऐकले होते आणि चौदाच उच्चारले होते. मग फोन ठेवला, आणि त्यानंतर बोटांनी चाराला एकाच्या पुढे बसवले. अकरा वर्षे त्यांनी परत म्हणून दाखवले ते ऐकलेले. टंकलेले कधीच नाही. कानाची परीक्षा रोज होत होती. बोटांची कोणीच घेतली नव्हती.

उरलेले दिवस दोघांनी वाचून काढले. सगळे जुळले. दोनशे चौपन्न दिवसांत चुकलेला दिवस एक.

"आता वो?" सिद्रामण्णांनी विचारले.

"बघू," पाध्ये म्हणाले.

परतीच्या एसटीत ते तीन वेळा जागा बदलून बसले. एकदा ऊन म्हणून, एकदा खिडकी खडखडते म्हणून, एकदा उगाच. ती एक चूक कोणाला ठाऊक होती? एका मनुष्याला, जो पुन्हा कधी सोलापुरात येईल न येईल; आणि दुसऱ्याला, जो स्वतः अॅडमिन होता. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हे शास्त्रार्थानेही दाखवता आले असते. पाध्यांनी ते मोहोळच्या फाट्यापर्यंत दाखवून पाहिले; आणि पुढे त्यांना स्वतःचाच कंटाळा आला.

गुरुवारी त्यांनी भार्गवीबाईंपुढे तीन पानी निवेदन ठेवले. त्या उभ्यानेच वाचू लागल्या, मग बसल्या. भिंतीची छायाचित्रे मोबाइलवर मोठी करून पाहिली. दुसरे पान त्यांनी दोनदा वाचले. तिसऱ्या पानाच्या शेवटी तीन मेची हकीकत होती. ती वाचून झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"पाध्ये सर, हे शेवटचं तुम्ही लिहिलं नसतंत तर काय झालं असतं, सांगू?"

"सांगा."

"मी चार-सहा तारखा फोटोवरून पडताळल्या असत्या. तीन मे त्यात बहुधा आली नसती. तुमच्यावर ठपका ठेवला असता आणि अकरा वर्षं ठेवून घेतली असती."

पाध्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

"आता मला ते माहीत झालंय. भिंत समोर असताना दोनशे चौपन्नात एक. भिंत नसलेल्या दहा वर्षांत किती? तुम्ही सांगू शकता?"

"शेजारच्या उपकेंद्रांशी ताडून पाहता येईल, मॅडम. मोठी चूक असेल तर उठून दिसेल."

"मे महिन्यातला वळीव! एका शिवारात पडतो, शेजारच्यात नाही. शेजारच्या पावसावरून इथला ठरवायचा असेल तर मंगळवेढ्याला निरीक्षक कशाला ठेवायचा?"

"सिद्राम बिराजदारांनी एकही आकडा चुकवलेला नाही. जी चूक आहे ती माझी आहे. शिक्षा मला व्हावी. त्यांच्या दहा वर्षांना का?"

"कारण ती वर्षं तुमच्या बोटांतून आलीत," भार्गवीबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे, सर. खरंच आहे. पण मालिकेत तेवढा रकाना नाही."

या वाक्याचे खंडन करता यावे म्हणून पाध्यांनी आयुष्यभर जमवलेली सगळी हत्यारे चाचपून पाहिली. एकही हाताला लागले नाही. कारण ते वाक्य त्यांच्याच जातीचे होते. भार्गवीबाईंच्या जागी ते स्वतः असते, तर त्यांनीही नेमके हेच म्हटले असते.

निर्णय झाला तो असा. दिवाळीपासूनचे दोनशे चौपन्न दिवस सिद्राम बिराजदारांच्या नावावर मालिकेत राहणार, तीन मेची दुरुस्ती करून. आधीची दहा वर्षे बाहेर. अॅडमिनचे अधिकार सोमवारपासून पुण्याच्या कार्यालयाकडे. मंगळवेढ्याचे खाते चालू ठेवायचे असेल तर निरीक्षकाने स्वतः येऊन, दोघांच्या देखत, स्वतःचा पासवर्ड ठेवावा. नाहीतर ते बंद.

शुक्रवारी अकराच्या सुमारास सिद्रामण्णा आले. धुतलेले धोतर, डोक्यावर कडक टोपी. भार्गवीबाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांना स्वतः सर्व्हरच्या खोलीत घेऊन आल्या. जे ठरले ते त्यांनीच सांगितले. पाध्यांना सांगू दिले नाही.

"दहा वर्सं पुसनार का?" सिद्रामण्णांनी विचारले.

"पुसणार नाही, काका. राखीव कप्प्यात राहतील. फक्त कोणाला दिसणार नाहीत."

"मंजे चुन्याखालीच की." त्यांनी टोपी सारखी केली. "बरं. हाय तितं हायेत."

मग ते पाध्यांकडे वळले.

"तुमी कशापायी त्वांड पाडताव, सायेब? एक्केचाळीस तुमी टाकला, आनि चौदा तुमीच सांगितला. दुसऱ्यानं सांगितलं नसतं." आणि मग मान हलवून, "पर दहा वर्सं मंजे लई झाली. लई."

हे दुसरे वाक्य त्यांनी कोणाला उद्देशून म्हटले, ते समजले नाही.

पाध्यांनी सिद्राम बिराजदार या नावाचे खाते उघडले. अकरा वर्षांपूर्वी स्वतः ठेवलेला आणि दर नव्वद दिवसांनी स्वतः बदललेला पासवर्ड रद्द केला. नव्याची रिकामी चौकट पडद्यावर आणली आणि खुर्ची सोडली.

"बसा, अण्णा."

"हितं? तुमच्या जागंवर?"

"तुमचं खातं आहे."

सिद्रामण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. दोन्ही हात धोतराला पुसले. मग उजव्या हाताची तर्जनी टंकफलकावर धरून, विहिरीत डोकावावे तसे वाकून पाहू लागले.

"बारा अक्षरं ना? मोटं, ल्हान, आकडा, चिन्न. सायेब, म्या असं करतो, मायाक्काच्या..."

"सांगू नका, अण्णा," पाध्ये एकदम म्हणाले. "काय टाकताय ते मला सांगू नका."

भार्गवीबाईंनी मान खिडकीकडे फिरवली. पाध्यांनी पाठ केली आणि ते सर्व्हरच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. मागे एक कळ वाजली. बराच वेळ काही नाही. मग दुसरी. सिद्रामण्णा ओठांत काहीतरी पुटपुटत होते, ते ऐकू येऊ नये म्हणून पाध्ये कपाटातल्या पंख्याच्या आवाजाकडे लक्ष देऊ लागले. तिसरी कळ. चौथी, आणि लगेच पाचवी. सहावी. सातव्या कळेला आपण मोजतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा ते खोलीबाहेर गेले आणि दार त्यांनी हलकेच ओढून घेतले.